मिनिटाला एक लिटर

शेंगेचं टरफल कीबोर्डच्या दोन कळांमधल्या फटीत उभं अडकलं होतं, आणि रुचिता केसांतल्या पिनेनं ते जितकं वर काढू बघत होती तितकं ते आणखी आत सरकत होतं… हे धीरजचं काम. रात्रपाळीला बसला की पावशेर शेंगा फोडायच्या, हीटर पायाशी ओढून घ्यायचा आणि सकाळी आठाच्या ठोक्याला ‘सब ठीक है, मॅडम’ म्हणत, मफलर गुंडाळत निघून जायचं. सब ठीक है. माणूस इतक्या सहज हे कसं म्हणू शकतो याचा तिला हेवा वाटे. तिला स्वतःला सकाळी डोळे उघडल्यापासूनच काहीतरी करायचं राहून गेल्यासारखं वाटत असे, आणि आज तर ते जरा जास्तच होतं, कारण अकरा वाजता पाहुणे यायचे होते.

तिनं पीन टेबलावर टाकली, मान वर केली, आणि तिला ती पिवळी रेघ दिसली.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अख्खी सोसायटी उभी होती – चार टॉवर, तीनशे छत्तीस घरं, काचेची असावीत तशी आरपार. निळ्या नळ्यांतून पाणी चढत होतं, नारिंगी रेघांतून वीज. प्रत्येक घराचे मीटर दर मिनिटाला आपापला आकडा खाली या तळघरातल्या खोलीत पाठवत, आणि त्या आकड्यांवर इमारतीचं हे दुसरं शरीर जगत होतं. हे बसवणाऱ्या तिच्या कंपनीच्या कागदांत त्याला ‘डिजिटल ट्विन’ म्हणत. सोसायटीतली माणसं नुसतंच ‘सिस्टम’ म्हणत. रुचिताला ते आवडे. पहाटे साडेपाचला एकेक गिझर लागायला सुरुवात होई, मग मिक्सर, मग लिफ्टा. सातला टाकीचं पाणी एकदम वीतभर खाली जाई, दहाला सगळं शांत… एखाद्या झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवून बसावं तसं ती त्याकडे बघत बसे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात इथं दिवसाला नऊ टँकर येत. गेल्या उन्हाळ्यात तीन आले. गळणारी प्रत्येक नळी, फुकट जळणारा जिन्यातला प्रत्येक दिवा या पडद्यानं शोधून दिला होता, म्हणजे तिनं शोधून दिला होता. वझेबाई एकदा म्हणाल्या होत्या, “जुळं म्हण की सरळ. आणि काय गं, जुळ्यांपैकी एकाला लागलं की दुसऱ्याला दुखतं म्हणतात. तुझ्या जुळ्याला दुखतं का?”

– नको. बाईंचं नाव नको आज.

पण रेघ सी टॉवरच्या नवव्या मजल्यावर होती. पिवळी म्हणजे गळती: पाणी अखंड वाहतंय, थांबत नाही. मजल्यावर घरं चार. त्यांतलं नऊशे तीन बाईंचं.

आता नियमाप्रमाणे इथंच थांबायचं होतं. कमिटीनं नोव्हेंबरात ठराव केला होता – मजल्यापर्यंतच बघायचं. घराच्या आतलं, ज्यांनी लेखी संमती दिली आहे त्यांचंच. तीनशे अकरा घरांनी सही केली होती. नऊशे तीननं केली नव्हती. पण पडद्याला संमती कळत नाही, त्याला पासवर्ड कळतो, आणि इंजिनियरचा पासवर्ड सगळीकडे चालतो. रुचितानं नऊशे तीनवर बोट टेकलं. घर उघडलं. घड्याळात आठ एकवीस झाले होते.

न्हाणीघर. पाणी: मिनिटाला एक लिटर, पाच बावन्नपासून अखंड. गिझर: पाच चौतीसपासून चालू. स्वयंपाकघरात काही नाही. बाकी कुठंही काही नाही. एकूण एकशे एकोणपन्नास लिटर.

आणि तिच्या मनात पहिला शब्द जो आला तो – दिवसभर तिनं तो उलटून पालटून पाहिला, दुसरा कुठला आधी आला होता का म्हणून शोधला, पण नाही, पहिला हाच – ‘सापडल्या’.

सापडल्या बाई. भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घालणाऱ्या, कुणी दात घासताना नळ सोडून ठेवला तर परक्या घरातसुद्धा उठून बंद करणाऱ्या वझेबाई. गिझर लावून, पाण्याची धार सोडून विसरल्या. तिनं पडद्याचं चित्र उतरवून घेतलं. कशासाठी, ते तिला त्या क्षणी पक्कं माहीत होतं: पुढच्या मीटिंगसाठी.

कुमुद वझे. पहाडगंजच्या मराठी शाळेत रुचिता सहावी ते नववी त्यांच्या हाताखाली शिकली. बाबा केंद्र सरकारच्या मंत्रालयात कारकून, घर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. रोज दोन बस बदलून ती त्या शाळेत जाई, कारण बाबांना वाटे मुलीला मराठी यावं. ती ‘बिल्कुल’ म्हणाली की बाई न थांबता, बोलण्याच्या ओघातच ‘अगदी’ म्हणत आणि पुढे जात. पंचवीस वर्षांनी ती या सोसायटीत नोकरीला लागली, तेव्हा सी टॉवरच्या लिफ्टमध्ये पांढऱ्या केसांची एक बाई हातातली पिशवी सावरत म्हणाली, “सबनीस ना तू? दुसऱ्या बाकावरची.” रुचिताला रडू आलं होतं. ते पहिलं वर्ष किती चांगलं गेलं. संध्याकाळी घरी निघताना ती बाईंकडे चहाला थांबे. मुलगी इशिता बंगलोरला, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, बाई एकट्या. सिस्टमला सगळ्यात आधी पाठिंबा त्यांनीच दिला. पाणी वाचतंय तर वाचू दे म्हणाल्या.

आणि मग नोव्हेंबरातला तो दिवस. नऊशे तीनमध्ये चौदा तास थेंबभर पाणी वापरलं गेलं नव्हतं. रुचिता घाबरली – खरंच घाबरली होती, त्यात खोटं काही नव्हतं – आणि दोन गार्ड घेऊन वर धावली. बेल वाजवली, गार्डांनी दार बडवलं, शेजारपाजारची दारं उघडली. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्या चुरगळलेल्या गाऊनमध्ये होत्या, केस सुटलेले, डोळे सुजलेले. नवऱ्याच्या मृत्यूचा दिवस होता तो. दरवर्षी त्या दिवशी त्या अंघोळ करत नसत, स्वयंपाक करत नसत, अंथरुणातच पडून राहत. हे कुणालाच माहीत नव्हतं. आता नवव्या मजल्याला माहीत झालं.

त्या काहीच बोलल्या नाहीत तेव्हा. बोलल्या त्या आठ दिवसांनी, सोसायटीच्या सभेत, सगळ्यांसमोर, त्यांच्या त्या मराठी वळणाच्या हिंदीत. आपण किती वाजता न्हातो हे विचारायचा हक्क आपण नवऱ्यालाही दिला नव्हता, म्हणाल्या. तिथवर ठीक होतं. तिथवर रुचिता मान खाली घालून ऐकत होती, आणि मनातून तिला ते पटतही होतं. पण मग बाई तिच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “इसको मैंने स्कूल में पढ़ाया है. यह तब भी दूसरों की कॉपी में झाँकती थी.”

सभा हसली. भल्लासाहेब, सोसायटीचे सेक्रेटरी, हसले. मागे चहाचे कप गोळा करणारा माणूससुद्धा हसला… मी कधीच कुणाच्या वहीत बघितलं नव्हतं. एकदाच. सातवीत, गणिताच्या पेपरात, एकदा, आणि ते बाईंना तरी कसं आठवलं…

कंपनीनं ताकीद दिली. ती बाईंकडे चहाला जायची थांबली. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, तिळाच्या वड्या पाठवल्या. वड्या तिनं धीरजला देऊन टाकल्या.

आणि आता ही रेघ. गळती दोन तासांवर गेली की काय करायचं ते ठरलेलं होतं: घरी फोन करायचा, कुणी उचलला नाही तर त्या घराचा पाण्याचा व्हॉल्व्ह इथून, या पडद्यावरून, बंद करायचा. बटण समोर होतं. रुचितानं हात नेला. फोन केला तर बाई विचारणार – तुला कसं कळलं गं, माझंच घर ते? पुन्हा डोकावलीस? आणि व्हॉल्व्ह बंद केला तर… तर पाणी थांबेल. पाणी थांबलं की काय दाखवायचं? एकशे एकोणपन्नास लिटर म्हणजे दहा बादल्या, त्यांचं कुणाला काय. अकरापर्यंत तीनशे होईल.

तिनं हात मागे घेतला. इतकंच. दिवसभर तिला ते इतकंच वाटत राहिलं – हात मागे घेणं, त्यात काय असतं.

नऊ वाजता ती बाहेर पडली. धुकं इतकं होतं की टॉवर चौथ्या मजल्यापाशी संपत होते आणि वरचं सगळं असल्याची खात्री फक्त खालच्या पडद्यालाच होती. तिनं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या टाक्या बघितल्या, पंपांच्या खोलीत जाऊन एका पंपावर हात ठेवला, तो थरथरत होता, जसा थरथरायला हवा तसा. माळ्याला उगाच रागावली. पाहुण्यांसाठी मागवलेल्या खुर्च्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. पाय एका जागी ठरत नव्हते. आणि या सगळ्याच्या खालून, पायजम्याच्या नाडीत अडकलेल्या मुंगीसारखा, एक प्रश्न फिरत होता: पाणी वाहतंय आणि नळ बंद करायला कुणी उठत कसं नाही?

झोपल्या असतील. गिझर लावून पुन्हा अंथरुणात शिरल्या असतील, थंडी आहे. बाहेर गेल्या असतील… पाच बावन्नला? धार सोडून? बाई?

पावणेदहाला ती सी टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरली आणि तिनं नऊचं बटण दाबलं. दाबलं हे तिला नंतर आठवत राहिलं; तो एक पुरावा होता तिच्या बाजूचा. दार मिटता मिटता बाईंच्या समोरच्या घरातली सलोनी आत आली, मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवून परतलेली, नाक लाल झालेलं.

“नौवें पे? कुछ प्रॉब्लम है क्या?”

“नहीं नहीं,” रुचिता म्हणाली, “चौथे पे. गलत दब गया.” आणि चौथ्या मजल्यावर उतरून, लिफ्ट वर जाईपर्यंत, ती आग विझवायच्या नळीच्या पेटीकडे बघत उभी राहिली.

अकरा वाजता पाहुणे आले. दुसऱ्या एका बिल्डरची माणसं, सहाजण. त्यांच्या तीन प्रकल्पांचं काम कंपनीला मिळायचं होतं, आणि ते मिळालं तर नोव्हेंबरची ताकीद फाईलमधून निघणार होती. भल्लासाहेब नव्या जाकिटात. रुचिता बोलायला लागली आणि नेहमीप्रमाणे बोलता बोलता तिचा आवाज मोकळा झाला. छतावरची सौरऊर्जा, जिन्यातले दिवे, नऊ टँकरांचे तीन कसे झाले… मग ती म्हणाली, “आता एक चालू उदाहरण दाखवते,” आणि घराचा नंबर झाकून तिनं ते न्हाणीघर भिंतीभर मोठं केलं.

निळी नळी, तिच्यातून ठिबकणारे आकडे. तीनशे अठ्ठावीस लिटर. तीनशे एकोणतीस.

“पाच तास होऊन गेले,” ती म्हणाली. “मजल्यावरच्या कुणालाही हे माहीत नाही. आपल्याला आठ वाजल्यापासून माहीत आहे.”

पाहुणे पुढे झुकले. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. भल्लासाहेब म्हणाले, “एक एक बूँद का हिसाब है जी,” आणि रुचिताला क्षणभर, अगदी क्षणभर, त्या सभेतलं हसू कुणीतरी पुसून टाकल्यासारखं वाटलं.

मागच्या खुर्चीवर आखूड पांढऱ्या केसांची एक आर्किटेक्ट बसली होती. तिनं सहज विचारलं, “फिर आपने क्या किया?”

“जी?”

“आठ बजे पता चला ना आपको. फिर क्या किया?”

भल्लासाहेबांनी ‘प्रोसेस’ असं काहीतरी म्हटलं. रुचितानंही ते म्हटलं. आर्किटेक्टनं मान हलवली, तिचं समाधान झालं; तिला नळीच्या दुरुस्तीबद्दल विचारायचं होतं, दुसरं काही नाही. पण रुचिताला बोलायचं पुढचं वाक्य सापडेना. हिंदूरावच्या टेकडीवरची सहल… सातवीची, की आठवीची… थंडीच होती. बाईंनी सगळ्यांना एकेक संत्रं दिलं होतं आणि हा हिंदूराव कोण ते सांगितलं होतं, ग्वाल्हेरहून आलेला आपला माणूस, आणि आता त्याचं नाव हॉस्पिटलला. परत आल्यावर निबंध. रुचितानं टेकडीवर पतंगाच्या मांज्यात पाय अडकलेला पारवा बघितला होता, बाकीच्या मुली पुढे गेल्यावर मागे राहून बराच वेळ बघितला होता, आणि त्याच्यावर दीड पान लिहिलं होतं – पंख कसे, डोळा कसा, फांदी कशी हलत होती. वर्गातले सगळ्यात जास्त गुण. खाली लाल शाईत बाईंचं अक्षर: ‘वर्णन सुरेख. पण मग तू काय केलंस?’

मी काय केलं होतं? संत्रं खाल्लं असेल. पुढे निघून गेले असेन…

“मॅडम?” भल्लासाहेब म्हणत होते.

तिनं उरलेलं सांगितलं. पाहुण्यांना टाक्या दाखवल्या, पंप दाखवले. एका पाहुण्यानं दोनदा विचारलेल्या प्रश्नाला दोनदा तेच उत्तर दिलं. जेवण क्लबहाउसमध्ये होतं. मटर पनीरचा वास येत होता, लोक ताटल्या घेऊन रांगेत उभे होते, आणि तिनं हातातली रिकामी ताटली परत गठ्ठ्यावर ठेवली आणि ती निघाली. आधी चालत. मग, क्लबहाउसच्या काचा मागे पडल्यावर, पळत. एक वाजून पाच मिनिटं.

दाराशी पेपर पडला होता. बेल वाजवली. फोन लावला, आत, लांबवर, फोन वाजत राहिला. गार्डला बोलवावं, कुलूपवाल्याला… ती दार बडवायला लागली, त्या दिवशीसारखी, आणि समोरचं दार उघडून सलोनी बाहेर आली.

“क्या हुआ? आंटी नहीं खोल रहीं? रुको, चाबी तो मेरे पास ही है.”

चावी सलोनीपाशीच होती. सकाळी लिफ्टमध्ये तिच्या पर्समध्येच असेल, किल्ल्यांच्या त्याच जुडग्यात. तीन मिनिटांचं काम होतं.

न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत वाफ होती, पातळ, कोमट. बाई फरशीवर एका कुशीवर पडल्या होत्या, एक पाय नको त्या बाजूला वळलेला. नळीचा शॉवर खाली पडून त्यांच्या पाठीला टेकला होता आणि त्यातून ती धार येत होती, बारीक, अखंड, पडद्यावर दिसते त्यापेक्षा कितीतरी बारीक. ओठ निळसर. डोळे उघडे.

रुचिता गुडघ्यांवर बसली, ‘बाई… बाई…’ म्हणाली, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तिचा हात नळाकडे गेला.

“बंद करू नकोस,” बाई म्हणाल्या. आवाज घशातून निघत नव्हता, दातांमधून निघत होता. “राहू दे. ऊब आहे.”

ती अँब्युलन्स येईपर्यंत त्या पाण्यात बसून राहिली. सलोनीनं रजया आणल्या, फोन केले, टॉवेल आणले, सगळं सलोनीनं केलं. रुचितानं बाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाठीवर ती धार धरून ठेवली. मिनिटाला एक लिटर. आपल्या तळहाताला ती लागत होती.

दुपारी तीन वाजता, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, एका तरुण डॉक्टरनं सांगितलं की खुब्याचं हाड मोडलंय, उद्या सकाळी ऑपरेशन, पण जिवाला धोका नाही. सात तास या थंडीत ओल्या फरशीवर, या वयात… त्यानं मान हलवली. “गरम पानी चलता रहा, उसी ने बचा लिया. बीच में बंद हो जाता तो बात अलग होती.”

रुचिता ‘अच्छा’ म्हणाली. मग बाहेर येऊन बाकावर बसली, उठली, जिन्यापर्यंत गेली, परत आली. म्हणजे बटण दाबलं असतं, नियमाप्रमाणे, नीट, शहाण्यासारखं, तर पाणी थांबलं असतं, आणि बाई… म्हणजे आपण दाबलं नाही म्हणून… ती त्या विचाराला धरू बघत होती, पण तो धरवत नव्हता, कारण आपण का दाबलं नाही हे तिला माहीत होतं. आपल्याला फक्त आकडा मोठा व्हायला हवा होता. आणि फोन केला असता तर? फोन वाजत राहिला असता. मग ती वर गेली असती, की नसती? सलोनीला विचारलं असतं, की नसतं? या कोड्याची प्रत्येक घडी उलगडली की खाली आणखी एक घडी निघत होती, आणि कुठल्याच घडीत आपण चांगलं होतो असं निघत नव्हतं, अगदी वाईट होतो असंही ठाम निघत नव्हतं. ठाम निघतं तर बरं झालं असतं.

मोबाइल सारखा थरथरत होता. सोसायटीच्या ग्रुपवर भल्लासाहेबांनी लिहिलं होतं की आपल्या सिस्टमनं आज एक जीव वाचवला, आणि रुचिता मॅडम जेवण सोडून धावल्या. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मग फक्त तिला वेगळा निरोप: पाहुणे फारच खूश आहेत, पेपरवाल्यांना पाठवायचंय, पडद्याचा फोटो द्या, वेळ दिसेल असा.

तो तिच्यापाशी होता. आठ एकवीस. एकशे एकोणपन्नास लिटर. दुपारी एकच्या सुमाराचा दुसरा फोटोही आता इथून, मोबाइलवरून, काढता आला असता. जुना आकडा मागे नेऊन कुठल्याही मिनिटाचं चित्र पडदा देतो. भल्लासाहेबांना दुसरा चालला असता. कुणालाही चालला असता.

मग इशिताचा फोन आला, बंगलोरच्या विमानतळावरून, मागे घोषणा चाललेल्या. ती रडत होती. “रुचिता, यार, तू नसतीस तर… आई तुझ्याबद्दल इतकं बोलली होती त्या मीटिंगमध्ये, मला सांगितलं होतं तिनं. तिला नंतर फार वाईट वाटत होतं गं. तुला सांगायचं होतं तिला, पण तू येणंच थांबवलंस. आणि तरी तू… मी सातपर्यंत पोचते. थांबशील ना?”

“थांबते,” रुचिता म्हणाली.

पाचला नर्सनं आत सोडलं. बाईंना दुखणं कमी व्हायची औषधं दिली होती, पण त्या जाग्या होत्या. पांढरे केस कुणीतरी नीट पुसून मागे सारले होते, त्यामुळे चेहरा लहान दिसत होता, आणि डोळे मात्र तेवढेच. रुचितानं स्टूल ओढलं. बाईंनी चादरीवरचा हात उताणा केला, तिनं तो धरला. काचेपलीकडे धुकं पुन्हा खाली यायला लागलं होतं.

“मी हाका मारत होते,” बाई म्हणाल्या. “मग दमले. मग म्हटलं, तो तुझा पडदा आहे. पाणी चालूय, गिझर चालूय, म्हणजे रुचिताला दिसेल. सही केली नाही तरी ती बघतेच, मला ठाऊक आहे.” त्यांनी श्वास घेतला. “आठला येतेस ना तू कामावर? म्हटलं, आठपर्यंत कळ काढायची.”

रुचिताच्या हातातला हात गरम होता. तिला तो सोडावासा वाटला, आणि सोडता येईना.

“मग आठ वाजून गेले असतील. तिथून घड्याळ दिसत नव्हतं. उजेड वाढत गेला नुसता.” बाईंनी डोळे तिच्याकडे वळवले. त्यात राग नव्हता, शंका नव्हती. एखादी तारीख विचारावी तसं त्यांनी विचारलं. “तुला केव्हा कळलं गं?”

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. आता सांगायचं ते एका वाक्याचं काम होतं, आणि दोन वाक्यं तयार होती, दोन्ही सोपी, दोन्ही सारख्याच लांबीची. आपणच आपल्याला उत्तर देताना बघितलं, असं तिला नंतर वाटत राहिलं – बाजूला उभं राहून, स्टुलावर बसलेल्या रुचिताकडे बघत होतो असं.

“आठ एकवीसला,” ती म्हणाली.

बाईंच्या कपाळावर, आकडेमोड करताना पडते तशी, एक बारीक आठी पडली आणि तशीच राहिली. एकदा ओठ हलले. हात त्यांनी काढून घेतला नाही, घट्टही धरला नाही. नर्स आली, सलाईनकडे बघून गेली.

“इशिता यायचीय ना,” बाई शेवटी म्हणाल्या. “तिला तू सांगशील, की मी सांगू?”

रुचिताला वाटलं होतं की बोलून टाकलं की काहीतरी संपेल, काहीतरी फुटेल, आपण रडू, किंवा बाई बोलतील आणि मग आपण रडू. तसं काही झालं नाही. बाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांचा श्वास औषधानं जड झाला होता. वेळ तेवढी सांगितली होती. का, ते अजून कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायचं तर कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची हे तिला ठाऊक नव्हतं. ‘राग’ म्हणून होणार नव्हतं. तो शब्द फार मोठा होता, फार सरळ होता. जे होतं ते त्याहून लहान होतं, आणि लहान होतं म्हणूनच सांगायला लाज वाटावी असं. सात वाजायला अजून दोन तास होते. तिनं मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवून पाहिलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. दर वेळी ते ‘मी’पासूनच सुरू होत होतं आणि तिथंच थांबत होतं. पण उठून जावं असं तिला, सकाळपासून पहिल्यांदाच, वाटलं नाही. ती बाईंचा हात हातात घेऊन बसून राहिली, आणि ते वाक्य कुठवर जातं याची वाट पाहू लागली.